त्याची पेन्शन, तिचं ‘इतर उत्पन्न’

नवरा निवृत्त झाला की त्याला मिळते ती पेन्शन. तो गेल्यावर त्याच नोकरीपोटी बायकोला मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन. आपल्या लेखी दोन्ही एकच, ‘ह्यांची पेन्शन’. आयकर खात्याच्या लेखी मात्र नाही. त्याची पेन्शन पगारात मोजतात, आणि तिची ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’ या रकान्यात जाते.

नावात काय आहे, असं म्हणाल. पण मैत्रिणींनो, इथे नावातच पैसे आहेत! नव्या करपद्धतीत पेन्शनरला ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते. त्याच्या विधवेला एक तृतीयांश रक्कम किंवा २५ हजार, यातलं जे कमी असेल तेवढंच. २०२४ च्या अर्थसंकल्पाने १५ चे २५ हजार केले, तेही नव्या पद्धतीत. जुनी पद्धत निवडली तर अजूनही १५ हजारच.

हिशेब करून बघू. शेवटचं मूळ वेतन ६० हजार असलेल्या सरकारी नोकराची पेन्शन ३० हजार. तो गेल्यावर बायकोला ३० टक्क्यांच्या नेहमीच्या दराने १८ हजार. महागाई भत्ता सोडला तर वर्षाचे २ लाख १६ हजार. एक तृतीयांश म्हणजे ७२ हजार, पण वजावट २५ हजारांचीच. पेन्शन घटली आणि सवलतही घटली. घरभाडं, औषधं, मुलांची फी काही घटत नाही. हा भेद कशासाठी, हे मला तरी उमगलेलं नाही. सैन्यातला जवान कामगिरीवर असताना धारातीर्थी पडला तर त्याच्या पत्नीचं निवृत्तिवेतन करमुक्त आहे, हे मात्र योग्यच.

‘पण १२ लाखांपर्यंत कर नाही ना?’ असं बायका मला हमखास विचारतात. खरं आहे, २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत तशी सूट आहे. पण कर नसणं वेगळं आणि रिटर्न न भरणं वेगळं. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की कर शून्य आला तरी रिटर्न भरावंच लागतं. पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून हा आकडा कधी ओलांडला, ते कळतही नाही. शिवाय कुटुंब निवृत्तिवेतनावर बँक सहसा कर कापत नाही. कापला नाही म्हणजे लागत नाही, हा समज काढून टाका.

आता एकरकमी पैशांचं. आपल्याकडे वारसा कर नाही, तो १९८५ मध्येच गेला. प्रॉव्हिडंट फंड, विम्याचे पैसे, एनपीएसमधून वारसाला मिळालेली एकरकमी रक्कम यांवर साधारणपणे कर नाही. पण तेच पैसे ठेवीत टाकले की त्यावरचं व्याज तुमचं उत्पन्न.

खरा घोळ होतो तो पहिल्या वर्षी. समजा, नवरा ऑक्टोबरमध्ये गेला. एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्याचं, पुढचं तुमचं. म्हणजे रिटर्न दोन. त्याचं रिटर्न तुम्ही कायदेशीर वारस म्हणून भरायचं. त्यासाठी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. मृत्यूचा दाखला, त्याचं पॅन कार्ड आणि वारसाचा पुरावा लागतो. त्याचा कर थकलेला निघाला तर घाबरू नका. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

आणि बँकेत वेळेवर कळवा. संयुक्त खातं आहे, चाललंय ना, म्हणून बायका कळवत नाहीत. मग व्याजावरचा कर वर्षानुवर्षं त्याच्याच पॅनवर कापला जातो आणि परतावा मिळवताना नाकी नऊ येतात.

नवा आयकर कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. कलमांचे नंबर आणि काही फॉर्म बदलले, म्हणून जुना कागद पुढे करणाऱ्याला ‘हा नवीन आहे का?’ एवढं जरूर विचारा.

‘हे विषय आपल्याला काय कळतात’ असं म्हणत आपण सगळं दिरावर किंवा मुलावर सोपवतो. सोपवा, पण सही करण्याआधी वाचा. आणि दोघंही धडधाकट असताना एका रविवारी कपाटातल्या फायली काढून बसा. अशुभ वगैरे काही नाही त्यात. संसार दोघांचा, तर त्याचे कागदही दोघांनाच माहीत असायला हवेत.