अरुंधतीसाठी एक कलम

गेल्या वैशाखात आमच्या घरी नातीचे लग्न झाले. मुहूर्त गोरज होता. सप्तपदी आटोपली आणि गुरुजींनी वधूवरांना ध्रुव व अरुंधती दाखविण्यासाठी मांडवाबाहेर नेले. मांडव म्हणजे अर्थात हल्लीचे ‘मॅरेज गार्डन’. गुरुजींनी उत्तरेकडे बोट केले. त्या बाजूस एका जाहिरातीचा भला मोठा फलक झगझगत होता, आणि त्याच्या मागचे आकाश राख फासल्यासारखे पांढुरके दिसत होते. नात डोळे किलकिले करून म्हणाली, “गुरुजी, काहीच दिसत नाही हो.” गुरुजी अनुभवी. ते म्हणाले, “दिसते असे म्हण, बाळ.” तिने म्हटले. सर्वांनी अक्षता टाकल्या, आणि आम्ही जेवावयास गेलो.

गुरुजींनी काही लबाडी केली असे कोणी समजू नये. न दिसले तरी ‘दिसते’ म्हणावे, अशी सोय शास्त्रकारांनीच करून ठेवली आहे. परंतु ती सोय ढगाळ रात्रीसाठी असावी. त्या रात्री ढगाचा एक तुकडाही नव्हता. मला त्या दिवसापासून एकच गोष्ट टोचते आहे: नव्या संसाराचा पहिला शब्द आम्ही त्या मुलीकडून खोटा बोलवून घेतला.

अरुंधती मुळातच मंद. सप्तर्षींतील वसिष्ठाला बिलगून असलेली ती बारीक तारका आहे. म्हणून आपल्याकडे ‘स्थूलारुंधतीन्याय’ सांगतात; आधी शेजारचा ठळक तारा दाखवावा, मग नजर सूक्ष्माकडे न्यावी. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडत. ग्वाल्हेरच्या उकाड्यात दुसरा उपायच नव्हता. आजी वसिष्ठावरून अरुंधतीवर आम्हांला अशीच नेत असे. ध्रुव तर येथे क्षितिजापासून जेमतेम सव्वीस अंश वर असतो, कारण आपले गाव तेवढ्याच अक्षांशावर आहे. इतक्या खाली उभ्या असलेल्या ताऱ्याला झाकावयास एक उंच फलक पुरे होतो.

मी दिव्यांचा वैरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. १८१० साली दौलतराव महाराजांच्या छावणीतून ज्या लष्कराची वस्ती उभी राहिली, तिला रोषणाईचे वावडे कधीच नव्हते. १८७४ साली पुरा झालेल्या जयविलास महालाची झुंबरे पाहावयास लोक दूरदुरून येतात. एकेक झुंबर साडेतीन टनांचे, आणि ते टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घेण्यासाठी वर हत्ती चढविले होते, असे सांगतात. पण एक गोष्ट आपण विसरतो. तो सारा डौल छपराखाली होता. झुंबराचा उजेड दरबाऱ्यांच्या अंगावर पडे. चांदण्याशी त्याची स्पर्धा नव्हती.

त्याच दरबाराने आकाशाचीही काळजी वाहिली आहे. उज्जयिनीस सवाई जयसिंहांनी बांधलेली वेधशाळा मोडकळीस आली होती. माधवराव महाराजांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला आणि तिच्या कामास गोविंद सदाशिव आपट्यांसारखा गणिती लाभला. संस्थानाच्या खजिन्यातून ताऱ्यांसाठी पैसा निघाला, ही आपल्या घरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. आज तारे पाहण्यासाठी पैसा मागण्याचीही गरज नाही. वाया जाणारा उजेड आवरला म्हणजे झाले.

उजेड वाया कसा जातो, हे रात्री किल्ल्यावरून खाली पाहिले म्हणजे कळते. रस्त्यासाठी लावलेला दिवा जर किल्ल्यावरून डोळ्यांत खुपत असेल, तर त्याचा तेवढा उजेड रस्त्यावर पडत नाही हे उघड आहे. २०१५ साली देशभर रस्त्यांवरचे जुने दिवे बदलून एलईडी लावण्याची योजना सुरू झाली. विजेची बचत झाली, हे मान्यच केले पाहिजे. मात्र जुन्या सोडियमच्या पिवळ्या उजेडाच्या जागी अनेक ठिकाणी निळसर पांढरा उजेड आला. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसाचे आकाश निळे दिसते ते त्याच कारणाने. तोच गुण रात्री दोष ठरतो, आणि गावावर पांढुरके झाकण बसते. शिवाय दिवा स्वस्त झाला की तो जपून लावण्याची बुद्धी राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, काका, तुम्हांला तारे हवेत, पण आमच्या लेकीसुनांना रात्री सुखरूप घरी यावयाचे आहे. प्रश्न रास्त आहे, आणि तो ताऱ्यांहून मोठा आहे. पण उत्तरही त्यातच आहे. डोळ्यांत घुसणाऱ्या दिव्यापुढे माणूस आंधळा होतो. त्याच्या मागच्या सावलीत कोण उभे आहे ते दिसत नाही. वरून झाकलेला आणि खाली पाहणारा मंद दिवा वाट व माणूस दोन्ही दाखवितो. चौकात जत्रेचा लखलखाट आणि आतल्या गोठीत, बोळात मात्र ठार काळोख, ही सुरक्षितता नव्हे. ही वाटणीतली चूक आहे.

आणि ही वाटणी नियमांनीच सुधारावयाची असते. घर किती उंच बांधावे, रस्त्यापासून किती मागे सरावे, हे भूमी विकास नियम सांगतात. मग उजेड कोठवर जावा हे सांगण्यास हरकत काय? अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या वेधशाळेच्या गावाने १९५८ सालीच जाहिरातीच्या प्रकाशझोतांना बंदी केली. फ्रान्सने २०१८ च्या अखेरीस ठरविले की वास्तूंवरची शोभेची रोषणाई रात्री एकपर्यंत मालवावी. प्रकाशशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तर काळोख्या रानापासून गजबजलेल्या बाजारापर्यंत प्रदेशाचे पाच वर्ग पाडून ठेवले आहेत. फार दूर कशाला? नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान मिळाला. त्यासाठी आसपासच्या खेड्यांतले शंभरांहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे वळविले गेले. खेड्यांनी जे केले ते शहराला जड का जावे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. नगर निगमाने आणि नगर तथा ग्राम निवेश खात्याने आपल्या नियमांत दिव्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घालावे आणि शहराचे विभाग पाडावेत. किल्ला, त्याचा उतार व पायथा हा पहिला विभाग. तेथे उजेड पिवळसर व मंद असावा, आणि पाहुणे परतल्यावर मानमंदिराला झोपू द्यावे. जुन्या पेठा व राहती घरे हा दुसरा. तेथे प्रत्येक दिव्याला टोपी असावी, आणि कोणाचाही दिवा दुसऱ्याच्या खिडकीत शिरू नये. बाडा, सराफा व इतर बाजार हा तिसरा. तेथे झगमगाट खुशाल असो, पण दुकान मिटले की फलकही मिटावा. मॅरेज गार्डनच्या परवान्यात आकाशात झोत सोडण्यास साफ मनाई असावी. दिवाळी, गणपती, उरूस, किल्ल्यावरच्या गुरुद्वाऱ्याचा सण, यांना सूट हवीच. एरवी मर्यादा पाळली तरच सणाची रोषणाई सणासारखी दिसेल.

२०२३ साली युनेस्कोने आपल्या गावाला संगीताचे नगर म्हटले. या गावाच्या गवयांनी रात्रीच्या प्रहरांसाठी राग राखून ठेवले आणि ते वेळेवर गायिले. ज्या गावाला स्वराची वेळ कळते, त्याला दिव्याची वेळ कळू नये?

नियम होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या दारापासून आरंभ करण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. आमच्या वाड्याच्या दिंडीवर रात्रभर जळणारा पांढरा दिवा मी गेल्या महिन्यात काढविला आणि टोपीचा पिवळा बसविला. शेजारच्या वहिनींनी दुसऱ्याच दिवशी निरोप पाठविला की, त्यांच्या खोलीत आता नीट झोप येते. मला मात्र गच्चीवरून अरुंधती अजून दिसत नाही. एका दाराच्या दिव्याने ती परत यावयाची नाही, हे मला ठाऊक आहे. पण धाकट्या नातीचे लग्न व्हावयाचे आहे. गुरुजी बोट दाखवतील तेव्हा तिने “दिसते” म्हणावे, आणि ते खरे असावे, एवढीच इच्छा आहे.