विश्लेषण : फोन सक्षम, नेटवर्कही सक्षम, मग ४जीवर कॉल का लागत नाही?

परदेशातून आणलेल्या स्मार्टफोनवर इंटरनेट सुसाट चालते. पण ४जीवरून कॉल लागत नाही किंवा सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंगचे बटणच दिसत नाही, ही तक्रार अनेक देशांत ऐकू येते. बऱ्याचदा दोष यंत्रात नसतो, तर फोनमधील एका नोंदीत असतो. ती बदलण्यासाठी काही ग्राहक फोन ‘रूट’ करतात. हा मार्ग कितपत सुरक्षित आहे आणि ग्राहकावर ही वेळ येतेच का, याचा आढावा.

व्होल्टी नसेल तर काय अडते?

२जी आणि ३जी नेटवर्कमध्ये आवाजासाठी स्वतंत्र व्यवस्था होती. ४जी मात्र डेटासाठी घडवले गेले. त्यावर कॉल करायचा तर आवाजही डेटाच्या रूपात, कंपनीच्या ‘आयएमएस’ या यंत्रणेमार्फत पाठवावा लागतो. यालाच व्होल्टी म्हणतात. हेच वायफायवरून झाले की व्होवायफाय आणि ५जीवरून झाले की व्होएनआर. व्होल्टी नसलेला फोन कॉलपुरता जुन्या २जी-३जीवर उतरतो. पण ही खालची पायरीच राहिली नाही तर कॉल लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली ती केवळ ४जीवर. व्होल्टी नसलेल्या फोनसाठी कंपनीला तेव्हा वेगळे अ‍ॅप द्यावे लागले होते. अमेरिकेत एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केले. ऑस्ट्रेलियात हे काम २०२४ मध्ये झाले.

घोडे अडते कुठे?

सिमकार्ड घातले की फोन त्यावरील कंपनीचा सांकेतिक क्रमांक वाचतो आणि त्या कंपनीसाठीची नोंद शोधतो. तेथे व्होल्टी ‘आहे’ असे लिहिलेले असेल तर बटण दिसते, नसेल तर नाही. अँड्रॉइडमध्ये अशा नोंदी असतात, मोडेमसाठीही वेगळ्या असतात. आयफोनमध्ये हेच काम ‘कॅरिअर बंडल’ करते. कोणत्या कंपनीची नोंद घ्यायची, हे फोन उत्पादक आणि दूरसंचार कंपनी यांच्यातील चाचण्या व करारांवर ठरते. ज्या देशात फोन अधिकृतपणे विकलाच जात नाही, तेथील कंपनीसाठी हा खर्च करायला उत्पादक सहसा तयार नसतो. काही दूरसंचार कंपन्याही ठरावीक मॉडेलनाच परवानगी देतात. ३जी बंद करताना एटी अँड टीने मान्य फोनची यादीच जाहीर केली होती.

ही अडचण अनेकदा किती वरवरची असते, याचे उदाहरण शाओमीच्या फोनमध्ये आहे. काही मॉडेलवर *#*#८६५८३#*#* डायल केले की कंपनीनिहाय तपासणी बंद होते आणि व्होल्टीचे बटण उघडते. मधले पाच आकडे म्हणजे कीपॅडवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेले ‘व्होल्टी’!

रूट केल्याने काय साधते?

सर्वच फोनमध्ये अशी पळवाट नसते. नोंदी असलेला भाग कुलूपबंद असतो. त्यासाठी आधी बूटलोडर उघडावा लागतो. यात फोनमधील सर्व डेटा पुसला जातो. नंतर ‘मॅजिस्क’सारख्या साधनाने फोनचे सर्वाधिकार मिळवून नोंद बदलली जाते किंवा दुसऱ्या कंपनीची मोडेम-नोंद उसनी घेतली जाते. गुगलच्या पिक्सेल फोनसाठी दक्षिण कोरियातील एका प्रोग्रामरने रूट न करता हेच काम करणारे अ‍ॅप बनवले होते. पण अशा पळवाटा पुढच्या अपडेटमध्ये बंद होऊ शकतात. शिवाय बटण दिसले म्हणजे सेवा मिळाली असे नाही. कंपनीच्या सर्व्हरने फोनची नोंदणी स्वीकारली, तरच कॉल लागतो.

त्याची किंमत काय?

रूट केलेला फोन गुगलच्या सुरक्षा तपासणीत नापास होऊ शकतो. मग बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप चालायला नकार देतात. सॅमसंगच्या फोनमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर टाकल्यास ‘नॉक्स’ची खूण कायमची उमटते, नंतर मूळ सॉफ्टवेअर टाकले तरी ती पुसत नाही. मोडेमच्या फाइलशी खेळताना आयएमईआय क्रमांक नाहीसा होण्याचीही भीती असते. हा क्रमांक मुद्दाम बदलणे तर गुन्हाच आहे. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

सर्वांत मोठा धोका आपत्कालीन कॉलचा आहे. साधे कॉल ४जीवरून लागतात. पण ‘०००’ या मदत क्रमांकासाठी मात्र ३जीच शोधतात, असे काही फोन ऑस्ट्रेलियात आढळले. अशा फोनना नेटवर्कवर प्रवेशच देऊ नये, असा नियम तेथे करावा लागला. न तपासलेला फोन नेमका संकटाच्या वेळी मुका झाला तर, ही दूरसंचार कंपन्यांची भीती निराधार नाही.

ग्राहकाने काय करावे?

सिमवर ही सेवा सुरू आहे का, हे आधी कंपनीकडे विचारावे आणि फोन अद्ययावत करावा. बाहेरून फोन मागवण्यापूर्वी आपल्या कंपनीसाठी त्यात व्होल्टी आहे ना, हे पाहावे. इतके करूनही कोणाला रूटचा मार्ग धरायचाच असेल, तर तो बँकव्यवहार नसलेल्या दुसऱ्या फोनवर धरावा आणि येणारे कॉल व ओटीपीचे संदेश तपासून पाहावेत. मात्र चाचणीसाठी ११२ फिरवणे गैर आहे.

उपाय कोणाच्या हाती?

रूट हा तोडगा आहे, धोरण नव्हे. ४जीवरील आवाजासाठी मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना ‘जीएसएमए’ने समान प्रारूप केव्हाच ठरवले आहे. ते पाळणाऱ्या फोनवर व्होल्टी मुळातच सुरू असावे आणि तांत्रिक अडचण असेल तेथेच, कारण देऊन, बंद असावे. दूरसंचार कंपन्यांनी आवश्यक नोंदी खुल्या कराव्यात आणि आपत्कालीन कॉलची चाचणी प्रत्येक फोनला सक्तीची करावी. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीच्या त्या हक्कात सॉफ्टवेअरने अडवलेल्या सुविधाही यायला हव्यात. कॉल करता येणे हा फोनचा पहिला धर्म आहे. त्यासाठी ग्राहकाला स्वतःच्याच फोनचे कुलूप तोडावे लागत असेल, तर ते उघडण्याची जबाबदारी कुलूप लावणाऱ्यांची आहे.