माणसे पुरविणारे आणि जबाबदारी झटकणारे

कारखान्याच्या दारावर पाटी मालकाची, कामगाराच्या अंगावर गणवेश एजन्सीचा आणि हजेरीपुस्तक कंत्राटदाराच्या कपाटात! पण अपघात झाला, वेतन थकले किंवा भविष्य निर्वाह निधीची कापलेली वर्गणी खात्यात जमाच झाली नाही, तर हा कामगार कोणाचा? मालक एजन्सीकडे बोट दाखवितो, एजन्सी मालकाकडे. या टोलवाटोलवीलाच आज ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ असे गोंडस नाव मिळाले आहे.

कायदा मात्र इतका भोळा नाही. कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास ते देण्याचे दायित्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर टाकले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनीही ते कायम ठेवले आहे. कापलेली वर्गणी न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो. ही तरतूद जुन्या दंडविधानात होती, नव्या न्यायसंहितेतही आहे. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचे कर्मचारी होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ‘सेल’ प्रकरणात सांगितले. त्याच निकालात हेही सांगितले, की कंत्राट हा निव्वळ देखावा असेल तर कामगार मूळ मालकाचाच. पहिला भाग मालकवर्गाने पाठ केला. दुसरा सोयीस्करपणे विसरला.

एजन्सीचालकांचीही एक तक्रार असते. देयके महिनोन् महिने थकतात, निविदा सर्वांत कमी दराचीच मंजूर होते आणि खटले मात्र आमच्यावर! तक्रार खोटी नाही; तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. किमान वेतन, त्यावर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि राज्य विम्याचे ३.२५ टक्के हा कायद्याचाच हिशेब आहे. त्याहून कमी दराची निविदा भरणारा कोणाच्या ताटातले काढून घेणार आहे, हे भरणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मंजूर करणाऱ्यालाही. मग शिक्षेची वेळ आली की एकट्यानेच का रडावे? दोघेही उत्तरदायी आहेत.

नव्या संहितेतील पळवाटांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली. म्हणजे ४९ जणांची टोळी ठेवली की सुटका! मूळ स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नकोत असे म्हणावयाचे आणि जे काम एरवी कंत्राटदारामार्फतच होते त्याला अपवाद करावयाचे, हा कसला निर्बंध? भारतीय मजदूर संघाने वेतन व सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत करतानाच उर्वरित दोन संहितांवर आक्षेप नोंदविले, ते उगाच नव्हे. महाराष्ट्रातही बाह्य एजन्सींमार्फत शासकीय कामासाठी मनुष्यबळ घेण्याचा सप्टेंबर २०२३ चा निर्णय जनक्षोभानंतर ऑक्टोबरमध्येच रद्द करावा लागला. शासनच जेथे मध्यस्थ शोधते, तेथे खासगी मालकाला कोण शिकविणार?

साम्यवाद्यांनी मालकाला शत्रू ठरविले, बाजारवाद्यांनी कामगाराला भाड्याची वस्तू. दत्तोपंत ठेंगडी यांनी मांडलेली औद्योगिक परिवाराची कल्पना या दोहोंहून वेगळी आहे. पण परिवारात कर्ता पुरुष आपले दायित्व तिऱ्हाइताच्या खांद्यावर टाकून मोकळा होत नसतो. विश्वकर्मा जयंतीला यंत्राची पूजा करावयाची आणि यंत्र चालविणाऱ्याची नोंद दुसऱ्याच्या वहीत ढकलावयाची, ही पूजा नव्हे, विटंबना आहे.

आणि प्रश्न केवळ कारखानदारांचा नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या दारातील रखवालदार, आपण चालवितो त्या शाळेतील सफाई कामगार, आपल्या रुग्णालयातील परिचर, यांपैकी कितीजण एजन्सीचे आहेत? त्यांची वर्गणी भरल्याचे चलन मागितल्याशिवाय एजन्सीचे देयक मंजूर करावयाचे नाही, एवढा ठराव प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीने येत्या बैठकीत करावा. समरसतेची भाषा आपण व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो; तिची खरी परीक्षा वेतनपत्रकावर होणार आहे.