सायकलची सहल आणि दोन मिनिटांचा दाखला

वाचकहो, आजचा विषय आपल्या गावाला जरा लांबचा वाटेल, पण तो आमच्या दवाखान्यातूनच निघाला आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझे एक जुने पेशंट, निवृत्त शिक्षक, वय वर्षे एकसष्ट, हातात छापील फॉर्म घेऊन आले. लेक-जावई जर्मनीत असतात. त्यांनी आईवडिलांसाठी डॅन्यूब नदीकाठची सायकल सहल ठरवली होती. "डॉक्टर, तेवढी सही द्या. मुलगी पैसे भरून बसलीय." मी रक्तदाब पाहिला, १४० वर ८६. छातीला नळी लावली, दोन विनोद केले आणि 'प्रवासास योग्य' असे लिहून शिक्का मारला. बाहेर बाकावर पंधरा माणसे बसली होती.

ती सहल मोठी सुंदर असते हे आधी कबूल करतो. जर्मनीतल्या पासाऊ या गावी डॅन्यूबला इन आणि इल्झ या दोन नद्या मिळतात. तिथून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो. पूर्वी घोडे होड्यांना दोर बांधून प्रवाहाविरुद्ध ओढत नेत, त्या घोड्यांच्या वाटाच पुष्कळ ठिकाणी आता सायकलच्या वाटा झाल्या आहेत. नदीबरोबर उताराला जायचे, त्यामुळे चढ फार थोडे. रोज चाळीस ते साठ किलोमीटर. बॅगा गाडीतून पुढच्या मुक्कामी जातात. विजेवर चालणाऱ्या सायकलीही मिळतात, पण त्यांनाही पेडल मारावेच लागते आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मोटार साथ सोडते. मेल्कचा डोंगरावरचा मठ, पुढे वाखाऊ खोऱ्यातले द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा. सरांनी फोटो दाखवले तेव्हा मलाही हेवा वाटला.

पण फोटोत नसलेली एक गोष्ट त्यांनी शेवटी, दार लोटून सांगितली.

चौथ्या दिवशी, मेल्क सोडल्यावर, जेवणाच्या आधी त्यांची सायकल नागमोडी जाऊ लागली. घाम फुटला. लेक काही विचारते तर उत्तर भलतेच. वाटाड्याला वाटले ऊन लागले, त्याने पाणी पाजले. सर गवतावर पडले, कोपर खरचटले. दुसऱ्या बाजूला कलले असते तर नदी होती. बाईंनी घाईघाईने जर्दाळूचा गोड रस पाजला आणि पंधरा-वीस मिनिटांत ते माणसात आले.

सरांना दहा वर्षे मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी ते घड्याळ लावून घेतात. त्या दिवशीही घेतली. न्याहारीला अंडी-मांस चालत नाही म्हणून पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि दोन तास सायकल मारली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यात मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. मग साखर खाली येणारच. या गोळीने उतरलेली साखर एकदा सावरली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून नुसता रस पाजून भागत नाही, वर पोळी-भात किंवा पाव खायला हवा आणि त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये. सर तासाभराने पुन्हा बसले होते!

आता दोष कोणाचा? सरांनी सहलीच्या फॉर्मवर 'आजार : नाही' असे लिहिले होते. "उगाच गटात चर्चा नको," म्हणाले. मधुमेह म्हणजे जणू घराण्याला लागलेला डाग! अहो, वाटाड्या डॉक्टर नसतो. पण त्याला ठाऊक असते तर त्याने पाण्याऐवजी साखर दिली असती. शिवाय व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तिथेही आजार लपवला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

तरीही मोठा दोष माझा. वर्षानुवर्षे त्यांची गोळी मीच लिहून देतो. रोज पन्नास किलोमीटर सायकल चालवणार म्हटल्यावर त्या गोळीचे काय करायचे, हे मी विचारले नाही, सांगितले नाही. रक्तदाब चांगला म्हणून माणूस सहलीला योग्य, हा दाखला नव्हे.

म्हणून आता माझा नियम आहे. अशा सहलीचा दाखला हवा असेल तर तीन महिने आधी या. चालताना छातीत भरून येत असेल, दम लागत असेल, तर हृदयाची तपासणी आधी, तिकीट नंतर. पन्नाशीपुढच्या मधुमेह्याने तर त्रास नसला तरी याबाबत विचारावे. गोळी किंवा इन्सुलिन किती कमी करायचे ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने ठरवू नका. निघण्यापूर्वी साखर शंभरच्या खाली असेल तर खाल्ल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नका. खिशात चार चमचे साखरेची पुडी हवी, बॅगेत नव्हे, कारण बॅग पुढच्या गावी गेलेली असते. औषधे विमानात हातातल्या पिशवीत आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव. बसायची सीट फार खाली ठेवली तर गुडघे दुखतात. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी ती उंच हवी. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते, हे सवयीने विसरते.

आणि सराव. आपल्याकडे मोटारसायकल घेतली की सायकल माळ्यावर जाते. भाजी आणायला सायकलवर गेले तर मास्तरांचे दिवस फिरले म्हणतात, आणि तीच सायकल युरोमध्ये भाडे भरून चालवली तर पेढे वाटतात. मला ही गंमत कधी कळली नाही.

सरांना यंदा पुन्हा बोलावणे आले आहे. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे, सही केलेली नाही. त्यांनी माळ्यावरची सायकल उतरवून तेलपाणी केले आहे. काल संध्याकाळी एस.टी. स्टँडच्या चढावर दिसले. उतरून, सायकल हातात धरून चालत होते. मला पाहून त्यांनी खिशातली साखरेची पुडी काढून दाखवली.