परिभाषेचे मूळ कोणते?

संगणकीय परिभाषेविषयीचा मराठी वाद वर्षानुवर्षे दोन टोकांमध्ये घुटमळत राहिला आहे: इंग्रजी संज्ञा जशीच्या तशी ठेवावी, की संस्कृत धातूंतून नवी घडवावी. वरवर विरोधी दिसणाऱ्या या दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे. इंग्रजी संज्ञा हे मूळ आणि मराठी संज्ञा ही तिची छाया, असे दोघेही मानतात. तपासायला हवे ते हे गृहीतकच.

'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' या संज्ञा पाहाव्यात. त्यांमागील संकल्पनांना संगणकाच्या भाषेत प्रथम स्थान मिळाले ते ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात, क्रिस्टेन नीगोर आणि ओले-योहान डाल यांच्या 'सिम्युला ६७' मध्ये. विचार नॉर्वेत घडला. इंग्रजी हा त्याने धारण केलेला वेष. म्हणजे मराठी अनुवादक ज्याला मूळ समजून शरण जातो, तेच मुळात एक रूपांतर आहे.

हे विसरल्यामुळे 'क्लास'चा 'वर्ग' होतो. वर्ग म्हटले की मराठी मनापुढे समूह उभा राहतो: शाळेतला वा समाजातला. सिम्युलातील 'क्लास' म्हणजे समूह नव्हे. ज्याबरहुकूम वस्तू घडवायच्या तो आराखडा. कार्यशाळेतला 'साचा' त्याला अधिक जवळचा आहे. साच्यापासून 'उपसाचा' साधताना जीभ अडखळते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचा निवाडा कोशमंडळाच्या बैठकीत होऊ शकत नाही.

तो कोठे होऊ शकतो, याचे उत्तर पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात हाताने काम करीत शिकणे हीच शिक्षणपद्धती ठरली, आणि २००२ मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली. अशा कार्यशाळेत संगणकाला दिलेली आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचते. संज्ञा चुकीची समजली, तर वस्तूच चुकीची घडते. शब्दाची याहून कठोर परीक्षा नाही.

नीगोर यांनीही १९७० च्या दशकारंभी लोहकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, ते कामगारांना आपल्या कारखान्यात येणाऱ्या संगणकाविषयी अधिकाराने बोलता यावे म्हणून. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पारिभाषिक कोश सिद्ध केले. त्या श्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु संज्ञेला मान्यता शासन देऊ शकते, अर्थ मात्र वापरणाराच देतो. 'संगणक' रुजला तो त्यातील गणनेचा धातू कोणी ओळखला म्हणून नव्हे, लोकांनी तो तोंडी घेतला म्हणून. ज्या परिभाषेला कार्यशाळेचा उंबरठा ओलांडता येत नाही, ती कितीही शुद्ध असली तरी मराठी नव्हे.