दाराला लावलेला दगड

नौरूची गोष्ट उधळ्या वारसाची म्हणून सांगितली जाते. ती अर्धीच खरी. भांडवल विकून आलेला पैसा उत्पन्न समजून खाण्याची सवय या बेटाला लावणारे वेगळेच होते आणि ते आजही गिऱ्हाईक म्हणून दारात उभे आहेत.

सिडनीतल्या एका व्यापारी कचेरीत दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक दगड लावून ठेवलेला असे. प्रशांत महासागरातल्या नौरू नावाच्या बेटावरून कोणीतरी गंमत म्हणून उचलून आणलेला; दगड झालेले जुने लाकूड असावे, असा सगळ्यांचा समज. एकोणिसावे शतक संपता संपता त्या कचेरीतल्या अल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली आणि त्याने त्याचा तुकडा तपासला. ते लाकूड नव्हते. ते अव्वल प्रतीचे फॉस्फेट होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या निकस जमिनींना नेमके हेच खत हवे होते. १९०७ पासून नौरूतून जहाजे भरून निघू लागली आणि एका बेटाची खाण झाली.

त्या दगडाची आठवण आज होण्याचे कारण निराळे आहे. ज्या परदेशी नागरिकांना कायद्याने बेमुदत कोठडीत ठेवता येत नाही आणि मायदेशीही धाडता येत नाही, अशांना नौरूने ठेवून घ्यावे, यासाठी ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्या देशाशी समझोता केला. त्यापोटी सुरुवातीला ४० कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि पुढे दरवर्षी सात कोटींपर्यंत. तीस वर्षांची गोळाबेरीज अडीच अब्जांपर्यंत जाऊ शकते. शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला नौरूतून काहीतरी न्यायचे होते, आज तिथे काहीतरी नेऊन टाकायचे आहे. व्यवहाराची दिशा तेवढी बदलली.

नौरू हे जगातले सर्वात लहान प्रजासत्ताक. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. बेटाला वळसा घालणारा रस्ता एकोणीस किलोमीटरचा. मोटारीने निघालेला माणूस अर्ध्या तासात निघाल्या जागी परत येतो. अधिकृत राजधानी नाही. यारेन विभागात संसद आणि सरकारी कचेऱ्या आहेत, आणि समोरच विमानाची धावपट्टी. विमान उतरायचे असले की तिथली वाहतूक थांबवतात. नैसर्गिक बंदर नाही, कारण प्रवाळाची कड संपली की समुद्र एकदम खोल होतो. म्हणून फॉस्फेटची जहाजे दूर बोयांना बांधत आणि किनाऱ्यावरून पुढे झुकलेल्या लोखंडी बाह्यांवरच्या पट्ट्यांतून माल त्यांच्या पोटात ओतत.

संसद एकोणीस जणांची आहे. राष्ट्राध्यक्षाला खासदारच निवडतात आणि तोच सरकारचाही प्रमुख असतो. पक्ष नावापुरते, त्यामुळे सरकार कधी पडेल याचा नेम नसतो; बर्नार्ड डोवियोगो हे एकच गृहस्थ सात वेळा राष्ट्राध्यक्ष झाले. मतदानाची रीतही जगावेगळी. मतदार सर्व उमेदवारांना क्रम देतो. पहिल्या पसंतीचे मत पूर्ण, दुसऱ्याचे अर्धे, तिसऱ्याचे एक तृतीयांश मोजले जाते. सैन्य नाही, स्वतःचे चलन नाही. चालतो तो ऑस्ट्रेलियन डॉलर. समाज पूर्वापार बारा कुळांचा आणि मूल आईच्या कुळाचे.

या समाजाचा सर्वात मोठा सण धर्माचा नाही, शिरगणतीचा आहे. जमात म्हणून टिकायचे तर किमान पंधराशे माणसे हवीत, असे पहिल्या महायुद्धानंतर ठरवले गेले. रोगराईने खचलेल्या नौरूवासींनी १९३२ मध्ये हा आकडा गाठला. ज्या मुलीच्या जन्माने तो पुरा झाला, तिचे कौतुक साऱ्या बेटाने केले. त्या दिवसाला ते ‘अंगाम’ म्हणतात. अर्थ साधारण ‘मुक्कामी पोचलो’ असा. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले आणि बाराशे नौरूवासींना त्रुक बेटांवर मजुरीला नेले. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले. संख्या पुन्हा पंधराशेच्या खाली गेली होती. ती भरून यायला १९४९ उजाडले. स्वातंत्र्यासाठीही नौरूने मुद्दाम तीच तारीख निवडली: ३१ जानेवारी १९६८. असा समाज बेपर्वा होता, असे म्हणायला जीभ धजावू नये.

तरीही म्हटले जाते. नौरूचा विषय निघाला की बसून खाल्ले तर कुबेराचे भांडारही पुरत नाही, हे वाक्य ठरलेले. त्याला पुरावाही आहे. १९७० मध्ये नौरूने खाणी दोन कोटी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतल्या आणि पैशाचा पूर आला. दरडोई उत्पन्न जगातल्या श्रीमंत देशांच्या पंक्तीला गेले. कर नाही, औषधपाणी आणि शिक्षण फुकट, खाणीत राबायला शेजारच्या बेटांवरचे मजूर. मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नौरू हाउस’ उभे राहिले. मूठभर प्रवाशांच्या देशाची विमाने प्रशांत महासागरभर रिकामी उडत राहिली. १९९३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यावरचे संगीत नाटक नौरूच्या पैशावर आले आणि सपशेल पडले. फॉस्फेट सरत आले तेव्हा पुढच्या पिढ्यांसाठीचा राखीव निधीही वाईट सल्लागार, वाईट गुंतवणुका आणि कर्जे यांत वितळला. २००४ मध्ये नौरू हाउसही विकावे लागले. भात-साखर-डबाबंद मांसावर पोसलेल्या पिढीत मधुमेह इतका पसरला की, त्या बाबतीत नौरूचे नाव जगात पहिल्या काहींत घेतले जाते.

हे सगळे खरे. पण हिशेबाची वही पहिल्या पानापासून वाचायला हवी. सुरुवातीला नौरूच्या जमीनमालकाला एका टनामागे अर्धा पेनी मिळत असे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट जर्मनांकडून घेतले. मग राष्ट्रसंघाने ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांच्या हवाली केले, ते तिथल्या रहिवाशांच्या कल्याणासाठी. त्या विश्वस्तांनी फॉस्फेट आपसात ४२, ४२ आणि १६ टक्के असे वाटून घेतले आणि आपापल्या शेतकऱ्यांना जागतिक बाजारभावापेक्षा स्वस्तात दिले. नफाच दाखवायचा नाही म्हटल्यावर मालकाला वाटा कसला द्यायचा? ऑस्ट्रेलियाची कुरणे हिरवी झाली, तो हिरवा रंग कोणाच्या तरी अंगणातून खरवडून आणलेला होता. जमीन उकरली की खाली उरतात ते चुनखडकाचे करडे सुळके. काही दोन-तीन पुरुष उंच, त्यांच्यामधून धड चालता येत नाही, मग नांगर कुठला. बेटाचा जवळपास चार पंचमांश भाग या पठाराचा आहे. वस्ती आणि माड उरले ते किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत आणि बुआडाच्या तळ्याभोवती.

स्वातंत्र्याआधी विश्वस्तांनी यावर तोडगा सुचवला होता: सगळ्या नौरूवासींनी उठून क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर राहायला जावे. तिथे आमचे राज्य असेल का, असे नौरूवासींनी विचारले. उत्तर नकारार्थी आले आणि ते गेले नाहीत. हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वातंत्र्य मिळवले. १९८९ मध्ये नौरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. मागणी एकच, तुमच्या काळात खणलेली जमीन पुन्हा राहण्याजोगी करून द्या. खटला ऐकण्याजोगा आहे, असे न्यायालयाने १९९२ मध्ये म्हटले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली. तडजोडीने खटला मिटला, सुळके मात्र जागेवरच आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे. नौरूच्या राज्यकर्त्यांचा दोष उधळपट्टीचा आहेच. पण त्याहून खोल दोष जमाखर्चाचा आहे आणि तो त्यांनी वसाहतकारांकडून वारशाने घेतला. जमीन खणून विकणे ही भांडवलाची विक्री. ती उत्पन्नाच्या रकान्यात लिहिली की पेरणीचे बियाणे दळून भाकरी खाल्ल्यासारखे होते: खाताना पोट भरते, आणि मृग आला की कणगी रिकामी असते.

माती सरल्यावर नौरूने सार्वभौमत्व विकायला काढले. नव्वदच्या दशकात परवाने वाटून शेकडो बँका नोंदल्या. त्यांची बेटावरची मालमत्ता म्हणजे एक टपालपेटी. रशियातला काळा पैसा त्यांतून वाहिला आणि देश काळ्या यादीत गेला. मग राजनैतिक मान्यता बाजारात आली. २००२ मध्ये तैवान सोडून चीन, २००५ मध्ये पुन्हा तैवान, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीन. २००१ मध्ये ‘टाम्पा’ जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या निर्वासितांना ऑस्ट्रेलियाने किनाऱ्याला लागू दिले नाही; त्यांच्यासाठी नौरूत छावणी उघडली. मध्ये बंद झालेली ती छावणी २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. आत काय चालते हे जगाला कळू नये म्हणून २०१४ मध्ये पत्रकारांच्या व्हिसाचे शुल्क दोनशे डॉलरवरून आठ हजारांवर नेले गेले. कळायचे ते कळलेच. २०१६ मध्ये दोन हजारांहून अधिक घटनांचे अहवाल फुटले आणि त्यांत लहान मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या नोंदी होत्या. आता पारपत्रेही विक्रीला आहेत. सुरुवातीची किंमत एक लाख पाच हजार अमेरिकी डॉलरपासून पुढे होती. त्या पैशातून किनाऱ्यावरची वस्ती उंचावर, त्याच उकरलेल्या पठारावर हलवायची आहे, कारण समुद्र चढतो आहे. समुद्र चढवण्यात या बारा हजार माणसांचा हात किती, हे सांगायला नको.

या विक्रीच्या मालिकेत एक व्यवहार मात्र वेगळा आहे आणि त्यावर नौरूचेच नाव कोरलेले आहे. २१ चौरस किलोमीटरच्या या देशाचा सागरी हक्क तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्या पाण्यातून ट्यूना माशांचे थवे जातात. दूरदेशीच्या बोटी पूर्वी प्रत्येक बेटाला एकटे गाठून कवडीमोलाने परवाने घेत. १९८२ मध्ये ‘नौरू करार’ झाला आणि आज आठ बेटराष्ट्रे त्यात एकत्र आहेत. पुढे त्यांनी बोटींना मासेमारीचे दिवस विकायला सुरुवात केली: वर्षाला दिवस इतकेच, एका दिवसाची किमान किंमत इतकी, हवे तर घ्या. एकजुटीमुळे भाव वाढला आणि मर्यादेमुळे मासा उरला. जपून घेतला तर मासा पुढच्या वर्षी पुन्हा येतो, फॉस्फेट येत नाही. नौरूला हिशेब येतच नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पण तेच नौरू आता समुद्राच्या तळाशीही उतरायला निघाले आहे. पॅसिफिकच्या तळावर, चार-पाच किलोमीटर खोल, बटाट्याएवढे गोटे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबे असते. एक गोटा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षे लागतात. कॅनडातल्या एका कंपनीसाठी नौरू यजमान देश झाला आहे. जून २०२१ मध्ये नौरूनेच एक कलम लावून आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला दोन वर्षांत खाणकामाचे नियम करायला सांगितले. मुदत टळली, नियम झाले नाहीत. नुकसान झाले तर भरपाई कोणाची, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणापुढे गेला तोही नौरूच्या पुढाकाराने. २०११ मध्ये उत्तर मिळाले: यजमान देशाला आपली काळजी घेण्याची जबाबदारी झटकता येणार नाही, मग तो कितीही गरीब असो. नफा कंपनीचा आणि जामीन बेटाचा, असा हा सौदा आहे. अर्ध्या पेनीची आठवण व्हावी असाच.

इथे आपल्यालाही अंग काढून घेता येत नाही. असे गोटे भारताच्या संशोधकांनी १९८१ मध्येच ‘गवेषणी’ जहाजावरून अरबी समुद्राच्या तळातून काढले आणि त्यामागे गोव्यातल्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था होती. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचा टापू भारताकडे आहे. उद्या भारतही तळ उकरू शकेल. जमिनीवर काय होते, हे त्याच गोव्याने लोहखनिजाच्या खाणींत पाहिले आहे. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये खनिजविक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी करायला लावला. खनिज हे आजच्या पिढीचे उत्पन्न नसून पुढच्यांच्याही मालकीचा ठेवा आहे, हा विचार निदान त्या आदेशाने कागदावर आला. नौरूनेही २०१५ मध्ये नव्याने पिढ्यांचा निधी उभारला आहे, या वेळी देणगीदारांना सोबत घेऊन आणि काही वर्षे कुणी हात लावायचा नाही अशा अटीवर. उशिरा का होईना, वहीत नवा रकाना उघडला.

प्रशांत बेटांच्या परिषदांत भारत त्यांना छोटी बेटे न म्हणता मोठी सागरी राष्ट्रे म्हणतो. हे नुसते सौजन्य नसेल, तर ते दाखवण्याची जागा समुद्रतळ प्राधिकरण आहे. आपण तिथे टापू घेतलेला देश म्हणून बसतो आणि आपल्या शब्दाला वजन आहे. तळ किती उकरायचा, मिळकतीतून पुढच्या पिढ्यांसाठी किती बाजूला काढायचे आणि बिघाड झाला तर पैसे कोणी मोजायचे, ही तीन उत्तरे भारताने तिथे लेखी मागावीत, आणि ती नियमांत लिहिली जाईपर्यंत आपलाही पहिला गोटा तळावरच राहू द्यावा.