कचेरीतील शांतता कोणाच्या मालकीची?

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये एक आदेश काढून आपल्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना भ्रमणध्वनी कसा वापरावा याचे धडे दिले. कार्यालयीन कामासाठी शक्यतो जुन्या स्थिर दूरध्वनीचाच वापर करावा; मोबाइलवर बोलणे भागच पडल्यास सौजन्याने व हळू आवाजात बोलावे; वैयक्तिक कॉल आल्यास कक्षाबाहेर जाऊन बोलावे; बैठकीत वा वरिष्ठांच्या दालनात यंत्राचा आवाज बंद ठेवावा, अशा स्वरूपाची त्यातील कलमे होती. प्रौढ, शिकल्यासवरलेल्या माणसांना असे काही लेखी सांगावे लागावे याचे कोणाला हसू येईल. परंतु तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत अर्धा तास बसलेल्या माणसाला ते येणार नाही.

एका दालनात दहाबारा टेबले. एकजण आवक-जावक नोंदवही लिहितो आहे, दुसरा देयकांची बेरीज जुळवतो आहे. इतक्यात एका खिशातून आरती सुरू होते, दुसऱ्या कोपऱ्यातून चित्रपटगीत. कोणी भाच्याच्या हळदीची चित्रफीत मोठ्या आवाजात शेजाऱ्याला दाखवतो. कोणी यंत्र तोंडासमोर धरून, पलीकडचा आवाजही सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने, बोलत असतो. ‘अहो, मी ऑफिसात आहे, नंतर बोलतो,’ हे वाक्य तर रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत पोहोचते आणि त्यानंतरही संभाषण दहा मिनिटे चालते. बेरीज जुळवणारा पुन्हा पहिल्या ओळीपासून प्रारंभ करतो.

पूर्वीच्या कचेऱ्या म्हणजे ध्यानमंदिरे होती, असा याचा अर्थ नाही. टंकलेखन यंत्रांची खडखड, पंख्याची कुरकुर आणि दुपारच्या चहाबरोबरच्या गप्पा यांनी त्याही भरलेल्या असत. तथापि दूरध्वनी एकच असे. तो हेडक्लार्कच्या टेबलावर असे आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या तबकडीला छोटेसे कुलूप असे. घरचा निरोप आला तर चारचौघांसमोर, दोन वाक्यांत आटोपावा लागे. मोबाइल आला तेव्हाही प्रारंभी हीच शिस्त वेगळ्या मार्गाने टिकली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीला पहिले मोबाइल संभाषण केले. त्यानंतरची काही वर्षे बोलण्याला तर पैसे पडतच. पण नुसते ऐकण्यालाही पडत. ऐकण्याचा आकार २००३ मध्ये गेला. पुढे २०१६ नंतर ठरावीक रकमेत वाटेल तितके बोलण्याची सोय सार्वत्रिक झाली. ‘मिस्ड कॉल’ देऊन निरोप पोहोचविण्याची काटकसरी युक्ती नाहीशी झाली आणि अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर पुढच्या मिनिटाची सीमान्त किंमत शून्यावर आली. जे फुकट मिळते त्याचा उपभोग तृप्तीच्या टोकापर्यंत होतो. मात्र ते फुकट बोलणाऱ्याला. शेजारच्या टेबलावर त्याची किंमत मोजली जातच असते. फक्त तिची पावती फाडली जात नाही.

ही किंमत केवळ आवाजाच्या पट्टीची नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, दोघांचे पूर्ण संभाषण कानावर पडले तर कामावरचे लक्ष फारसे ढळत नाही. एकाच बाजूचे बोलणे ऐकू आले तर ते अधिक ढळते. पलीकडचा काय म्हणाला असेल, हे ऐकणाऱ्याचे मन त्याच्या इच्छेविरुद्ध जुळवीत बसते. टंकलेखन यंत्राच्या खडखडाटात जे काम होई ते मोबाइलवरच्या मध्यम आवाजातील बोलण्याने का अडते, याचा उलगडा यातून होतो.

अशा बाह्य परिणामांचा विचार करताना रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात लंडनमधील एक जुना खटला घेतला आहे. एका हलवायाचा खलबत्ता कित्येक वर्षे चालू होता. शेजारी राहावयास आलेल्या डॉक्टराने आठ वर्षांनी नेमकी त्या भिंतीलगत तपासणीची खोली बांधली आणि मग खलबत्त्याच्या आवाजाने रुग्णाची छाती तपासता येत नाही अशी तक्रार केली. १८७९ मध्ये न्यायालयाने डॉक्टराच्या बाजूने निकाल दिला. कोसचे म्हणणे असे की, हानी परस्परांची असते. आवाज थांबविला तर हलवायाचे नुकसान, न थांबविला तर डॉक्टरचे. हक्क कोणाचा हे एकदा ठरले आणि वाटाघाटीला खर्च पडत नसला, तर दोघे बोलून मार्ग काढतील.

कचेरीत अडते ते याच ‘तर’पाशी. तेथे हक्क कोणाचा हे ठरलेले नसते आणि वाटाघाटी बरोबरीच्या माणसांत होत नाहीत. अव्वल कारकुनाला ‘साहेब, जरा हळू बोला,’ असे शिपाई म्हणेल काय? कंत्राटावर आलेली संगणकचालक मुलगी तरी म्हणेल काय? २०२१च्या आदेशातही ही उतरंड सहज दिसते. वरिष्ठांच्या दालनात यंत्र मुके ठेवावयाचे आणि लोकप्रतिनिधींचा वा वरिष्ठांचा कॉल मात्र विनाविलंब घ्यावयाचा. म्हणजे शांतता वरच्या दिशेला वाहते आणि आवाज खालच्या दिशेला. साहेबांना दालन असते, त्याला दार असते. सामायिक दालनातील लिपिकाची एकाग्रता ही कोणाच्याच मालकीची वस्तू नसते, म्हणून ती कोणीही खर्च करावी.

शिवाय जे यंत्र वाजते म्हणून कर्मचाऱ्याला दोष दिला जातो, ते त्याच्या पैशाने घेतलेले असले तरी अर्धेअधिक कचेरीचेच झालेले आहे. अनेक ठिकाणी स्थिर दूरध्वनी बंद पडला तो पुन्हा दुरुस्त झालेला नाही. आदेश, तक्ते, ‘तातडीची माहिती’ हे सारे व्हॉट्सॲपच्या गटांवर येते. शाळेतील पोषण आहाराची रोजची नोंद शिक्षक स्वतःच्याच मोबाइलवरून करतो. वर्गात फोन हाती घेतला म्हणून पालक त्याच्यावरच रुष्ट होतात. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कामाच्या वेळेतच कामापुरते शांत राहू देण्याचा प्रश्न तर अजून विधेयकापर्यंतही गेलेला नाही.

आणि खिडकीपलीकडचा माणूस? मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून एखादी बाई सकाळच्या एस.टी.ने येते, रांगेत तासभर उभी राहते, तिचा क्रमांक लागतो आणि टेबलावरचा मोबाइल वाजतो. लिपिक एक बोट वर करून तिला थांबवतो. रांगेत घुसणाऱ्या माणसाला लोक हटकतात. तारेवाचून घुसणाऱ्याला कोणी हटकत नाही. तिच्या त्या दहा मिनिटांचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही.

यावर दंडाची भाषा करणे सोपे आहे, पण दंड करणाराच बहुधा सर्वांत मोठ्याने बोलत असतो. त्यापेक्षा साध्या गोष्टी आधी व्हाव्यात. प्रत्येक शाखेत स्थिर दूरध्वनी चालू करून तो उचलण्याची जबाबदारी एकावर ठेवावी. त्याचा मासिक खर्च वाया जाणाऱ्या वेळेपुढे नगण्य आहे. बोलण्यासाठी व्हरांड्याचा एखादा कोपरा नेमून द्यावा. समोर उभ्या असलेल्याचे काम आधी, हे खिडकीवर लिहून लावावे, म्हणजे लिपिकालाही साहेबांचा कॉल दोन मिनिटे न घेण्यास आधार मिळेल. आणि वरिष्ठांनी आपली तातडीची माहिती मागण्याची वेळ दिवसातून एकदाच, समजा दुपारी चारनंतर, ठरवून घ्यावी. यातील शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही आणि नेमकी तीच सर्वांत अवघड जाईल.